न्यूयॉर्क की शिकागो? पाहण्याचं शहर आणि राहण्याचं शहर



बोलायला एकच जण उभा असला, तरी आज तुम्हाला सतत 'आम्ही' ऐकू येईल. ते मोठेपणाचं 'आम्ही' नाही. ही गोष्ट आम्हा दोघांची, नवरा-बायकोची आहे. आम्ही सात वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढली, क्वीन्स भागात, भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यानंतरची अकरा वर्षं शिकागोची. आधी तिथल्या एका उपनगरात आणि मग शहरात.

मध्यंतरी नात्यातल्या एका मुलीचा फोन आला. "काका, काकू, दोन ऑफर आहेत. एक न्यूयॉर्कची, एक शिकागोची. पगार न्यूयॉर्कला जास्त आहे. पण आईला वर्षातले पाच-सहा महिने माझ्याकडे ठेवायचंय. कुठलं घेऊ?" आम्ही दोघं एकदमच बोललो, आणि दोघांची उत्तरं वेगळी आली. फोन स्पीकरवर होता. तिने दोन्ही ऐकली आणि हसली. फोन ठेवल्यावर आमच्या घरात जो वाद जुंपला, तो नीट लावून मांडायचा म्हणजे आजचं व्याख्यान.

हा वाद काही आमच्या घरापुरता नाही. या दोन शहरांमध्ये तो सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाललाय. म्हणून आधी थोडा इतिहास बघू. तो कंटाळवाणा नाही, आणि आज घर शोधताना त्याचा उपयोग होतो.

वैर कसं जडलं

गंमत अशी, की शिकागोला मोठं करण्यात न्यूयॉर्कचाच हात आहे. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि हडसन नदी पंचमहासरोवरांना जोडली गेली. आतल्या प्रदेशातलं धान्य आणि लाकूड पाण्यावरून थेट न्यूयॉर्क बंदरात यायला लागलं. त्या जलमार्गाचं पश्चिमेकडचं टोक म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठावरचं शिकागो. १८४८ मध्ये इलिनॉय-मिशिगन कालवा झाला आणि सरोवराकडून मिसिसिपीच्या खोऱ्यात जाता येऊ लागलं. पाठोपाठ रेल्वे आली. १८४० मध्ये शिकागोची वस्ती होती साडेचार हजारांच्या आसपास. १८९० मध्ये ती जवळजवळ अकरा लाख होती! आणि मधे १८७१ ची ती प्रसिद्ध आग लागून गेली होती, बरं का. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर लोक बेघर झाले. तरी शहर पुन्हा उभं राहिलं, आणि उंच उभं राहिलं. १८८५ मध्ये पूर्ण झालेली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग ही जगातली पहिली गगनचुंबी इमारत, असं बरेच इतिहासकार मानतात. न्यूयॉर्कचे लोक अर्थातच मानत नाहीत.

मग आलं १८९३ चं जागतिक प्रदर्शन. कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून ते भरवायचं होतं. न्यूयॉर्क, शिकागो, सेंट लुइस आणि वॉशिंग्टन अशी चार शहरं रिंगणात होती. १८९० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मतदान झालं, एकदा नाही, आठ फेऱ्या. आठव्या फेरीत शिकागो जिंकलं. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद तिथे बोलले. ती परिषद ज्या इमारतीत भरली, तिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट हे चित्रसंग्रहालय आहे. आपल्याकडचे पाहुणे तिथे जाऊन पायरीवर फोटो काढतातच.

शिकागोला 'विंडी सिटी' म्हणतात ते याच भांडणामुळे, असं तिथला प्रत्येक गाइड सांगतो. न्यूयॉर्कच्या एका संपादकाने प्रदर्शनाच्या वेळी शिकागोकरांच्या बढायांना 'वारा' म्हटलं, अशी ती कथा. कथा छान आहे, पण खरी नाही. हे नाव १८७० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांमध्येच सापडतं, म्हणजे प्रदर्शनाची चर्चा सुरू होण्याच्याही आधी.

शिकागो इतक्या वेगाने वाढत होतं, की ते आपल्या पुढे जाईल अशी न्यूयॉर्कला धास्ती वाटू लागली. त्या वेळी ब्रुकलिन हे वेगळं, स्वतंत्र शहर होतं. १८९८ मध्ये ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स, स्टॅटन आयलंड आणि मॅनहॅटन यांचं एक शहर केलं गेलं. त्यामागे बंदराच्या कारभारापासून पाण्यापर्यंत बरीच कारणं होती, पण शिकागोची भीती हे त्यातलं एक. १८९४ च्या मतदानात ब्रुकलिनने फक्त २७७ मतांच्या फरकाने विलीनीकरणाला होकार दिला होता. जुने ब्रुकलिनकर त्याला अजून 'अठ्ठ्याण्णवची मोठी चूक' म्हणतात. एका झटक्यात न्यूयॉर्कची वस्ती ३० लाखांच्या पुढे गेली आणि शिकागो दुसरं राहिलं. आज तर तेही नाही. दुसरा नंबर लॉस एंजेलिसने नेला. २०२० च्या जनगणनेत न्यूयॉर्क ८८ लाखांचं, शिकागो साडेसत्तावीस लाखांचं.

या वैराचा अलीकडचा अंक आम्ही स्वतः अनुभवला. शिकागोचा सिअर्स टॉवर, आताचा विलिस टॉवर, १,४५१ फूट उंच आहे. त्याची रचना करणारे अभियंते फझलूर रहमान खान आपल्या शेजारचे, बंगालचे. अनेक वर्षं ती अमेरिकेतली सर्वांत उंच इमारत होती. न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचं छप्पर तिच्यापेक्षा खाली आहे. पण वरचा सुळका धरला तर उंची होते १,७७६ फूट. आता तो सुळका इमारतीचा भाग धरायचा की नुसता अँटेना? हा निवाडा ज्या संस्थेने करायचा, तिचं मुख्यालय शिकागोत! २०१३ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या बाजूने निकाल दिला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी सुतकी वातावरण होतं.

नकाशावरच्या दोन जुन्या रेघा

उंचीचं भांडण करमणुकीचं आहे. तुमच्या-आमच्या रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे निर्णय वेगळेच होते, आणि ते फार आधी होऊन गेले होते.

१८११ मध्ये मॅनहॅटनचा नकाशा आखला गेला. सरळ रस्ते, आडवे-उभे. पत्ता शोधायला सोपं. उत्तर-दक्षिण दिशेने चालताना साधारण वीस ब्लॉक झाले की एक मैल. पण त्या आखणीत इमारतींच्या मागे गल्ल्याच ठेवल्या नाहीत. जागा मोलाची होती, ती गल्लीत कशाला घालवायची? त्याचा परिणाम दोनशे वर्षांनी आम्ही रोज संध्याकाळी पाहिला. घराघरांतला कचरा काळ्या पिशव्यांत भरून समोरच्या फुटपाथवर यायचा. उन्हाळ्यात त्याचा वास आणि त्यावर उंदीर. आता कुठे तिथे डब्यांची सक्ती सुरू झाली आहे.

शिकागोनेही चौकटीच आखल्या, पण घरांच्या रांगांमागे गल्ल्या ठेवल्या. सुमारे १,९०० मैल गल्ल्या आहेत तिथे. आपल्या जुन्या मुंबईतली घरगल्ली आठवा, तिच्यापेक्षा बरीच रुंद. कचरा मागे, गाड्यांची गॅरेजेस मागे, विजेच्या तारा मागे. पुढचा रस्ता मोकळा आणि झाडांचा. पहिल्यांदा शिकागोला पाहुणे म्हणून गेलो, तेव्हा आम्ही म्हणालो, "किती स्वच्छ शहर!" लोकांच्या सवयी वेगळ्या असतील असं वाटलं. तसं काही नव्हतं. कचरा तेवढाच होता, तो मागे होता.

दुसरी रेघ पाण्याच्या काठाची. १८३६ मध्ये शिकागोच्या नकाशावर सरोवराकाठच्या एका तुकड्यावर अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं, की ही जमीन सार्वजनिक आहे आणि तिच्यावर कायम काहीही बांधू नये. नुसतं लिहून काय होतं? पुढे बांधकामाचे बेत आलेच. तेव्हा टपालाने माल विकणारे माँटगोमेरी वॉर्ड नावाचे व्यापारी त्या एका ओळीच्या आधारावर वीसेक वर्षं कोर्टात लढले. शहरातले बडे लोक त्यांच्यावर रागावले. पण आज ग्रँट पार्क मोकळा आहे तो त्यांच्यामुळे. १९०९ च्या डॅनियल बर्नहॅम यांच्या आराखड्याने तीच कल्पना पुढे नेली, आणि आज शिकागोच्या सरोवरकाठाचा बहुतेक भाग बागा आणि चौपाट्यांचा आहे. काठाने साडेअठरा मैलांची सलग पायवाट आहे. तिकीट नाही, फाटक नाही. मधे एक मोठा हमरस्ता आडवा येतो, हे मात्र खरं. तो पुलावरून किंवा भुयारातून ओलांडावा लागतो.

न्यूयॉर्कला पाणी चहूबाजूंनी, पण काठावर धक्के, गोदामं आणि नंतर हमरस्ते. मोकळी जागा त्यांनी मधे ठेवली, सेंट्रल पार्क, ८४३ एकर. पाण्याचे काठ गेल्या काही दशकांत हळूहळू लोकांना परत मिळताहेत. थोडक्यात, शिकागोने मोकळी जागा कडेला ठेवली आणि न्यूयॉर्कने मध्यावर.

चार दिवसांच्या पाहुण्यासाठी

आता पाहायला जाणाऱ्यांचं बघू. इथे आमच्यात फारसं भांडण नाही. आयुष्यात एकदाच अमेरिकेला जाणार असाल, तर न्यूयॉर्क पाहा. एकाच दिवसात इतक्या तऱ्हेची माणसं, इतक्या भाषा दुसरीकडे दिसणं कठीण. सबवे चोवीस तास चालते, ४७२ स्थानकं आहेत. गाडीची गरजच नाही. पैसे वाचवायचे असतील तर स्टॅटन आयलंडच्या फेरीत बसा. ती फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरून जाते. संध्याकाळी जॅक्सन हाइट्सच्या ७४ व्या रस्त्यावर जा किंवा फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात. देवळाच्या तळघरातल्या कँटीनमधला डोसा खायला लोक लांबून येतात, त्यात देवाला न मानणारेही असतात.

पण एक सांगतो. न्यूयॉर्क पाहून माणूस दमतो. आमचे पाहुणे चौथ्या दिवशी म्हणायचे, "आज घरीच बसू." शिकागोत असं कुणी म्हटलं नाही. तिथे पाहायचं बरंचसं एका तासाच्या पायी अंतरात आहे. नदीतून बोटीची दीड तासाची फेरी घ्या. दोन्ही काठांच्या इमारतींची माहिती सांगतात. आम्ही पाहुण्यांना दाखवत दाखवत ती कितीदा केली असेल, प्रत्येक वेळी काहीतरी नवं कळलं. मिलेनियम पार्कमधलं ते चकचकीत घेवड्याच्या दाण्यासारखं शिल्प अनिश कपूर यांचं, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या कलावंताचं. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय फुकट. मात्र हे सगळं मे ते ऑक्टोबर. जानेवारीत पाहुण्यांना शिकागोला बोलावणारा यजमान एक तर नवीन असतो, नाही तर त्याला पाहुणे नको असतात.

पिझ्झ्याबद्दल विचारणारच तुम्ही. न्यूयॉर्कचा पातळ, घडी घालून चालता चालता खायचा. शिकागोचा जाड, कढईतल्या वड्यांच्या थापीसारखा, काट्याने खायचा. आमच्या घरात यावर एकमत नाही, पुढे जाऊ.

राहणाऱ्यासाठी: भाडं, कर आणि जागा

राहायचं म्हटलं, की पहिला प्रश्न भाड्याचा. मॅनहॅटनमध्ये मधल्या दर्जाच्या घराचं भाडं अलीकडे महिन्याला ४,००० डॉलरच्या वर गेलंय. शिकागोत चांगल्या वस्तीतलं एका बेडरूमचं घर साधारण त्याच्या निम्म्यात मिळतं. आणि न्यूयॉर्कच्या घरमालकांचा एक ठोकताळा आहे: तुमचं वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट पाहिजे. म्हणजे ४,००० च्या घराला १ लाख ६० हजार डॉलर पगार! नाही तर हमी देणारा आणा. आम्हाला कोण देणार हमी? एका दलालाने आम्हाला तीन आठवडे फिरवलं आणि शेवटी दाखवलेली खोली अशी होती, की न्हाणीघराचं दार उघडलं की ते पलंगाला लागायचं. म्हणून आम्ही क्वीन्सला गेलो आणि सुखी झालो.

न्यूयॉर्कमध्ये जवळपास दहा लाख घरांना भाडेवाढीचं बंधन आहे. असं घर मिळालं तर सोडू नका. इलिनॉय राज्यात मात्र भाडेनियंत्रणाला १९९७ पासून कायद्यानेच बंदी आहे.

कराचा हिशेब लोक विसरतात. न्यूयॉर्क शहर आपल्या रहिवाशांकडून राज्याच्या वर स्वतःचा वेगळा प्राप्तिकर घेतं. तो रहिवाशांनाच लागतो. म्हणून बरेच मराठी लोक नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतात. जर्सी सिटी किंवा एडिसन, आणि तिथून रेल्वेने कामाला जातात. शिकागोत शहराचा प्राप्तिकर नाही, राज्याचा सरसकट ४.९५ टक्के. पण हुरळून जाऊ नका. विक्रीकर न्यूयॉर्कपेक्षा जास्त. घर घेतलंत तर मालमत्ताकर असा येतो की दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकनाचा लिफाफा उघडताना हात थरथरतो. शहरावर पेन्शनच्या देण्यांचं मोठं ओझं आहे आणि ते कुणाच्या तरी खिशातून जाणारच.

त्या ओझ्याखाली माणसं काय करतात याचा नमुना सांगतो. २००८ मध्ये शिकागोने रस्त्यावरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले, सुमारे ११५ कोटी डॉलरला. पैसे काही वर्षांत संपले, मीटर मात्र गेले २०८३ पर्यंत. आता एखादा रस्ता सणासाठी बंद केला तरी शहराला कंपनीला भरपाई द्यावी लागते. न्यूयॉर्कने उलटं केलं. जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात गाडी आणणाऱ्याकडून ९ डॉलर घ्यायला सुरुवात केली, ते पैसे रेल्वे-बसच्या सुधारणेला. एकाने रस्ता गहाण टाकला, दुसऱ्याने रस्त्याचं भाडं लावलं.

बर्फात पार्किंगचा शिकागोचा एक अलिखित नियम मात्र आम्हाला फार आवडतो. तुम्ही फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा केलीत, की तिथे जुनी खुर्ची ठेवायची. जागा तुमची. कायद्यात हे बसत नाही. पण एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही!

थंडी, पाणी आणि ऊन

हवामानात न्यूयॉर्क सौम्य. जानेवारीच्या रात्री शिकागोत सरासरी उणे सात-आठ, न्यूयॉर्कमध्ये उणे दोन-तीन. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोचं तापमान उणे ३० च्या खाली गेलं. रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रेल्वेवाले त्यांच्याजवळ गॅसच्या ज्वाळा पेटवून ठेवतात. लांबून वाटतं रुळांनाच आग लागलीय.

पण दोन्ही शहरांत माणसं गेली ती थंडीच्या बातम्यांतून नाही, वेगळ्याच संकटांत. २०१२ च्या सँडी वादळात समुद्राचं पाणी न्यूयॉर्कच्या सबवेच्या बोगद्यांत शिरलं. वीज गेली, लिफ्ट बंद, उंच इमारतींत पाणी चढेना. अकराव्या-पंधराव्या मजल्यावरचे म्हातारे अंधारात अडकले. २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात क्वीन्समध्ये तळघरातल्या खोल्यांत राहणारी माणसं बुडून मेली. ती तळघरं का भरलेली असतात? भाडं परवडत नाही म्हणून. आम्ही राहायचो त्या भागातही अशी तळघरं होती.

शिकागोचं संकट म्हणजे जुलै १९९५ ची उष्णतेची लाट. तापमान ४१ अंशांपर्यंत गेलं. आठवडाभरात नेहमीपेक्षा ७३९ जास्त मृत्यू झाले. एरिक क्लिननबर्ग हे शिकागोत वाढलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २००२ मध्ये यावर 'हीट वेव्ह' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या, नॉर्थ लॉनडेल आणि लिटल व्हिलेज. दोन्हीकडे गरिबी आणि एकटे राहणारे वृद्ध साधारण सारखेच. हवा तर एकच. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास दहापट. कारण काय? लिटल व्हिलेजच्या रस्त्यावर दुकानं होती, गर्दी होती, येणंजाणं होतं. म्हातारी माणसं बाहेर पडायची, थंड दुकानात जाऊन उभी राहायची, कुणीतरी विचारपूस करायचं. नॉर्थ लॉनडेल ही कृष्णवर्णीयांची वस्ती. कारखाने गेले, दुकानं गेली, रिकामे प्लॉट उरले. म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली.

हे पुस्तक वाचलं आणि आमची शहर मोजण्याची फूटपट्टीच बदलली. का, ते सांगतो.

आई-बाबांची खिडकी

आम्ही क्वीन्सला होतो तेव्हा आई-बाबा आले होते. घर एवढंसं. रात्री गाद्या घातल्या की चालायला जागा नाही. घराजवळचं स्टेशन उंचावर आणि लिफ्ट नव्हती. न्यूयॉर्कच्या बहुसंख्य स्थानकांवर आजही नाही. बाबा गुडघे धरून चढायचे. आम्हाला फार वाईट वाटायचं. म्हणायचो, पुढच्या वेळी यांना मोठ्या घरात ठेवू.

पुढच्या वेळी आम्ही शिकागोच्या उपनगरात होतो. तीन बेडरूम, मागे हिरवळ, खाली वेगळी खोली त्यांच्यासाठी. आजूबाजूला मराठी घरंही होती. गणपती, दिवाळी सगळं मंडळात साजरं व्हायचं. पण ते शनिवार-रविवारी, आणि गाडीने. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आई-बाबा त्या मोठ्या घरात दोघंच. फुटपाथ होता, पण चालत जाण्यासारखं काही नव्हतं. बाबा खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. एकदा संध्याकाळी म्हणाले, "आज सतरा गाड्या गेल्या." आम्ही हसलो. मग लक्षात आलं, ते रोज मोजताहेत.

आणि आई म्हणाली, "तिथे बरं होतं गं. खाली उतरलं की ती बांगलादेशी बाई भेटायची, भाजीवाला ओळखायचा." ज्या घराची आम्हाला लाज वाटत होती, त्याची तिला आठवण येत होती.

त्या वर्षी आम्ही उपनगरातलं घर सोडून शहरात आलो. घर लहान झालं. पण कोपऱ्यावर बस, चार मिनिटांवर वाण्याचं दुकान, ग्रंथालय, आणि लिफ्ट असलेलं स्टेशन. शिकागोच्या निम्म्याहून जास्त स्थानकांवर लिफ्ट आहे, ही न्यूयॉर्कपेक्षा मोठी जमेची बाजू. बाबा पुढच्या वेळी आले ते रोज दहाला ग्रंथालयात जाऊन बसायचे. तिथला पहारेकरी त्यांना नावाने हाक मारायचा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. शहर मोजताना गाडी न चालवणाऱ्या माणसाच्या पायांनी मोजा. म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, नुकताच आलेला विद्यार्थी, चार दिवसांचा पाहुणा, सगळे याच रांगेत आहेत. न्यूयॉर्क पाहायला सोपं वाटतं ते याच कारणाने. आणि शिकागो राहायला चांगलं की वाईट, हे शिकागो या नावावर ठरत नाही. ते तुम्ही घेतलेल्या चार रस्त्यांवर ठरतं.

त्या मुलीला आम्ही शेवटी हेच सांगितलं. तिने शिकागो घेतलं. उपनगरात मोठं घर मिळत होतं, ते सोडून शहरात रेल्वेजवळ लहान घर घेतलं. जास्तीचं भाडं गाडी न घेतल्यामुळे भरून निघालं, असं तिचं म्हणणं. आई तिच्याकडे जाऊन आली. स्वेटर खूप लागले, एवढीच तक्रार आहे.

प्रश्नोत्तरांतून

*शिकागोत गुन्हेगारी फार आहे ना?* आकडा न्यूयॉर्कपेक्षा बराच जास्त आहे, हे खरं. खुनांचं प्रमाण तर नक्कीच. पण सगळ्या शहरावर तो आकडा सारखा पसरलेला नाही. दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या काही वस्त्यांवर त्याचा बहुतेक भार पडतो. त्याच वस्त्यांना १९३० च्या दशकात नकाशावर लाल रंग लावून कर्ज नाकारलं गेलं होतं. तेव्हा "मी तिथे जात नाही, मला काय" असं म्हणून विषय संपत नाही. घर घेताना मात्र शहराची सरासरी पाहू नका. त्या रस्त्यावर दिवसा एकदा आणि रात्री नऊला एकदा चालून पाहा.

*मुलगा विद्यार्थी आहे, पैसे मोजके. कुठे पाठवू?* कॉलेज चांगलं असेल तिथे. पैशाचाच प्रश्न असेल तर शिकागोत तेवढ्याच पैशांत स्वतःची खोली मिळेल. न्यूयॉर्कमध्ये खोलीचा तुकडा. गाडी दोन्हीकडे नको. थंडीचा कोट मात्र इथून नेऊ नका, तिथेच घ्या. इथला कोट तिथल्या नोव्हेंबरलाही पुरत नाही.

*तुमच्या दोघांचं भांडण मिटलं का?* नाही. यांना अजून न्यूयॉर्कची रात्री दोनची सबवे आठवते, आणि मला सरोवराकाठची सकाळ. आता यातलं 'यांना' कोण आणि 'मला' कोण, ते आम्ही सांगत नाही. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, जिथे ग्रंथालय जवळ असेल तिथे.